हत्तीचें खाणें आणि शेळीचें खाणें

गेल्या वर्षीं चैत्राच्या अंकांत याच सदरांत आम्हीं कुंडींतील झाडांविषयीं कांहीं मजकूर लिहिला होता, तो कित्येक वाचकांना आठवत असेल. त्यांतील एक वाक्य आज आम्ही परत घेत आहों. तें वाक्य असें होतें, कीं बाजारांत 'जेड' या नांवानें मिळणारें बारीक गोल पानांचें झुडूप आमेझॉनच्या अरण्याच्या दसपट कर्बवायु शोषून घेतें, व म्हणून प्रत्येक गृहस्थानें आपल्या दारांत तें अवश्य लावावें. चाळीस वर्षें आम्हीं मुलांच्या वह्या तपासल्या. दुसऱ्याच्या चुकीखालीं तांबडी रेघ ओढतांना आमचा हात कधीं कांपला नाहीं. आज ती रेघ आमच्याच वाक्याखालीं ओढावयाची आहे, आणि ती कां ओढावी लागली हें सांगितल्यावांचून ती पुरी होणार नाहीं.

आषाढांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ आतां पन्नाशीचा असून एका शहरांतील गृहसंस्थेचा कार्यवाह आहे. पत्र मोठें आदराचें होतें. त्यांत लिहिलें होतें: "गुरुजी, आपला लेख आम्हीं संस्थेच्या सभेंत वाचून दाखविला. फाटकाजवळच्या दोन जुन्या निंबांच्या मुळांनीं फरशी उचलली जात होती, व त्यावरून दोन वर्षें वाद चालला होता. आपल्या लेखानें तो मिटला. रीतसर परवानगी काढून दोन्ही निंब उतरविले आणि त्यांच्या जागीं आपण सांगितलेल्या झाडाच्या पन्नास कुंड्या ठेविल्या. आतां हवा दसपट शुद्ध होईल. आपला आशीर्वाद असावा."

हें पत्र आम्हीं जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचलें. थोड्याशा अभिमानानेंच वाचलें, हें कबूल केलें पाहिजे. थोरल्या सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या आणि "दोन निंब?" एवढेंच म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवतींनीं मान वर केली नाहीं. नववींत शिकणारा आमचा नातू बंडू यानें मात्र सरळ विचारलें, "आजोबा, दसपट हें कोणीं मोजलें?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें वाक्य आमच्या भ्रमणध्वनीवर कोणीं तरी धाडलेल्या एका निरोपांत आलें होतें. त्याखालीं नांव नव्हतें. कोठें मोजलें, केव्हां मोजलें, कशाशीं ताडून पाहिलें, यांपैकीं कशाचाच उल्लेख नव्हता. एखाद्या विद्यार्थ्यानें निबंधांत असें वाक्य लिहिलें असतें तर आम्हीं समासांत 'आधार?' असा प्रश्न घालून वही परत केली असती. नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हें प्रमाण आहे खरें, परंतु तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या व खरें बोलणाऱ्या मनुष्याचा असला पाहिजे. ही गोष्ट आम्हीं उभ्या आयुष्यांत शेंकडों मुलांना शिकविली, आणि स्वतः मात्र निनावी शब्द छापून मोकळे झालों. दोन निंब आमच्या त्या एका ओळीखालीं पडले.

तेव्हांपासून आम्ही व बंडू या झाडाच्या मागें लागलों आहों. शोधांतीं जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवणें हें आतां आमचें कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट ही, कीं आमच्या दारांतलें झाड मुळीं 'जेड' नव्हेच. खरें जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. त्याचें पान आंगठ्याएवढें जाड व लांबट असतें. आमच्या कुंडींतील झाडाचें पान करंगळीच्या नखाएवढें व जवळजवळ गोल, आणि कोंवळी फांदी तांबूस. दोन्ही दक्षिण आफ्रिकेंतलीं, पण दोघांचें कूळ निराळें. आमच्या झाडाचें शास्त्रीय नांव पोर्टुलाकारिया आफ्रा. पोर्टुलाका म्हणजे आपली घोळ, जिची भाजी आपल्या घरोघरीं होते. पोर्टुलाकारिया म्हणजे घोळीसारखें. आणि आफ्रा म्हणजे आफ्रिकेचें. तेव्हां मराठींत त्यास कोणीं 'आफ्रिकेची घोळ' म्हटलें तर तें नांव अगदींच वावगें होणार नाहीं. हें नांव व्हिएन्नाच्या याक्विन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७८७ सालीं दिलें. त्यापूर्वीं खुद्द लिनियसनें या झाडाला क्रासुलाच्या वर्गांत बसविलें होतें. म्हणजे आमच्या रोपवाटिकेंतील माळी जी गल्लत आज करतात तीच एवढ्या मोठ्या पंडिताकडूनही एकदां झाली होती. फरक इतकाच, कीं शास्त्रांत चूक सांपडली म्हणजे नांव बदलतात. अलीकडे तर हें झाड घोळीच्या कुळांतूनही काढून मादागास्कर बेटांतील कांटेरी झाडांच्या डिडिएरिया कुळांत घातलें आहे.

केपच्या डच वसाहतवाल्यांनीं त्यास 'स्पेकबूम' म्हटलें. स्पेक म्हणजे डुकराची चरबी. पानाच्या मांसलपणावरून हें नांव पडलें असावें. हें ऐकतांच आमच्या सौभाग्यवतींनीं देवघराच्या खिडकींतील कुंडी हलविण्याची भाषा सुरू केली. परंतु तेथील लोक याच झाडाला 'ओलिफांट्सकोस', म्हणजे हत्तीचें खाद्य, असेंही म्हणतात, हें बंडूनें वाचून दाखविल्यावर गजाननाच्या नात्यानें कुंडी जागच्या जागीं राहिली.

या झाडाचें खरें घर दक्षिण आफ्रिकेचा पूर्व केप प्रांत. तेथून उत्तरेकडे मोझांबिकपर्यंत तें तुरळक आढळतें. परंतु अॅडो, बाव्हियान्सक्लूफ, ग्रेट फिश नदीचें खोरें या भागांत त्याचें राज्य आहे. पाऊस कित्येक ठिकाणीं वर्षाला २५० ते ३५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशांतल्याहूनही कमी. आणि तोही कोणत्या महिन्यांत पडेल याचा नेम नाहीं. अशा मुलखांत मनुष्याच्या दीडपट-दुप्पट उंचीची, माणसाला वाट मिळूं नये इतकी दाट हिरवी जाळी पसरलेली असते, आणि तिचा मुख्य आधार हें झाड. त्याच्या खालीं पानांचा जाड थर सांचतो. तो कुजून माती काळी व भुसभुशीत होते. पडलेला थेंब वाहून न जातां मुरतो. सावलीमुळें जमीन थंड राहते, आणि इतर झाडांचीं बीजें तेथें रुजतात. हिंवाळ्याच्या शेवटीं व वसंतांत, पाऊस झाला म्हणजे, बारीक चांदण्यांसारख्या फिक्या गुलाबी फुलांनीं हीं झाडें भरून जातात व त्यांवर मधमाशा तुटून पडतात. आमच्या घरीं नऊ वर्षांत एकही फूल आलेलें नाहीं. त्याला इकडचें ऋतुमान मानवत नसावें, अथवा आमची सेवा.

इतक्या थोड्या पाण्यांत हें हिरवेंगार कसें राहतें, याची हकीकत मोठी मौजेची आहे. पानांना सूक्ष्म रंध्रें असतात. बहुतेक झाडें तीं दिवसा उघडून हवेंतील कर्बवायु आंत घेतात. पण दार उघडलें म्हणजे पाहुणा आंत येतो तशी घरची पुंजीही बाहेर जाते, आणि उन्हाच्या वेळीं पानांतलें पाणी वाफ होऊन उडतें. हें झाड दुष्काळांत दारें रात्रीं उघडतें. रात्रीं आंत घेतलेल्या कर्बवायूचें मॅलिक नांवाचें आम्ल करून पेशींत सांठवितें, आणि दिवस उजाडला म्हणजे दारें लावून घेऊन, त्याच सांठ्यांतला कर्ब सूर्यप्रकाशांत वापरून साखर तयार करतें. पाऊसपाणी ठीक असलें तर हेंच झाड इतर झाडांप्रमाणें दिवसाचा व्यवहार करतें. टिंग व हॅन्सकम या दोघां शास्त्रज्ञांनीं पाण्याच्या ताणामुळें होणारा हा पालट १९७७ सालीं दाखवून दिला. सुबत्तेंत एक रीत व टंचाईंत दुसरी, हें तारतम्य ज्या घराला साधतें तें घर टिकतें, असें आमच्या मातोश्री म्हणत. त्यांनीं हें झाड पाहिलें नव्हतें.

या रात्रीच्या व्यवहाराच्या शोधाशीं आपल्या देशाचा संबंध आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मद्रास इलाख्यांत असलेले बेंजामिन हाइन यांनीं आपल्या ओळखीच्या पानफुटीचें पान चाखून पाहिलें. सकाळीं तें आंबट लागे, दुपारीं बेचव होई, आणि संध्याकाळीं किंचित् कडवट. ही गोष्ट त्यांनीं इंग्लंडांत पत्रानें कळविली व तें पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथांत १८१५ सालीं छापलें गेलें. संस्कृतांत जिला पर्णबीज म्हणतात ती पानफुटी आपल्या आजींच्या परसांत पिढ्यान्पिढ्या होती. तिचें पान मुतखड्यावर देणाऱ्या हातांनीं तें सकाळ-संध्याकाळ ताडून पाहिलें नाहीं, एवढेंच.

बंडूनें हा प्रयोग आमच्या झाडावर केला. एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन कुंड्यांत लावल्या. एकीला दोन दिवसांआड पाणी, दुसरीला महिनाभर कोरडें उपोषण. महिन्यानंतर कोरड्या कुंडींतलें पान पहाटे स्पष्ट आंबट लागलें व दिवस मावळतां सौम्य. पाण्याच्या कुंडींत हा फरक पुष्कळ कमी होता. घरांतील सातही माणसांनीं चव घेतली व बंडूनें ती कोष्टकांत मांडली. हें प्रत्यक्ष प्रमाण. वाचकांच्या घरच्या मुलांनीं हा प्रयोग जरूर करावा. मात्र झाडाची ओळख जाणत्याकडून पटवून घेतल्याशिवाय एकही पान तोंडांत घालूं नये. मांसल झाडांत शेरासारखीं विषारी चिकाचीं झाडेंही असतात, आणि खरें जेड हें खाण्याचें झाड नव्हे.

आतां हत्तीकडे वळूं. पूर्व केपमधील अॅडो येथें शिकारीमुळें हत्ती जवळजवळ नष्ट झाले होते. १९३१ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें तेव्हां अवघे ११ हत्ती उरले होते. १९५४ सालीं आर्मस्ट्राँग नांवाच्या अधिकाऱ्यानें ट्रामचे जुने रूळ व लिफ्टच्या लोखंडी दोरांचें कुंपण घालून त्यांना सुरक्षित केलें. आज त्यांची संख्या ६०० च्या वर आहे. या कुंपणानें शास्त्रज्ञांची एक सोय झाली. कुंपणाच्या आंत हत्ती चरत, बाहेर शेळ्या चरत. माती तीच व पाऊस तोच. स्टुअर्ट-हिल या संशोधकानें दोन्ही बाजू ताडून पाहिल्या व १९९२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

हत्ती आपल्या उंचीमुळें हें झाड वरून खातो. शेंडे मोडतो, फांद्या ओरबाडतो, पुष्कळ खालीं सांडतो. पाहणाऱ्याला वाटावें, झाडाचा सत्यानाश झाला. परंतु बुडाशीं जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांचा जो घेर असतो, तो हत्तीच्या सोंडेंतून बहुधा सुटतो. त्या फांद्या टेकल्या जागीं मुळें धरतात, सांडलेले तुकडेही रुजतात, आणि झाड आडवें पसरत जातें. या झाडाचीं रोपें बियांपासून उघड्या जमिनीवर क्वचितच होतात. त्याचा वंश मुख्यतः या बुडाच्या घेरावरच चालतो. शेळी दिसायला गरीब. तिची उंची बेताची, म्हणून ती खालून व बाजूंनीं खाते. ती प्रथम हा घेरच संपविते. मग झाड उघड्या दांडीवर छत्रीसारखें उभें राहतें. वरून हिरवें दिसतें, पण त्याच्या खालची सावली गेली, पानांचा थर गेला, माती तापूं व वाहूं लागली, नवी मुळी धरणारी फांदी उरली नाहीं. कांहीं वर्षांनीं तें झाड मरतें, आणि त्याच्या जागीं दुसरें येत नाहीं.

यांत शेळीचा अपराध काय? ती आपल्या उंचीप्रमाणें खाते. अपराध असेल तर किती शेळ्या व किती काळ याचा विचार न करणाऱ्या मनुष्याचा. १८३८ सालीं कर्नल हेंडरसन नांवाच्या गृहस्थानें तुर्कस्तानांतून १२ बोकड व एक शेळी केपमध्यें आणविली. ते बोकड तुर्कांनीं मुद्दाम निर्वंश करून पाठविले होते, परंतु शेळी गाभण होती व तिला बोकड झाला, असें तेथील इतिहासांत सांगतात. तेथून अंगोरा शेळ्यांचा पसारा वाढला. त्यांच्या केंसांपासून होणारें मोहेर नांवाचें चकचकीत लोंकरी सूत जगांत जें खपतें त्यांतील सुमारें निम्मे आज दक्षिण आफ्रिकेंत होतें. व्यापार भरभराटला, आणि दहा लाख हेक्टरांच्यावर जाळी झिजली. चमत्कार हा, कीं शेळ्या काढून घेतल्या तरी ती आपण होऊन परत येत नाहीं. कित्येक ठिकाणीं अनेक दशकें लोटलीं तरी जमीन बोडकीच आहे. मुद्दल खाऊन झाल्यावर उपास करून मुद्दल परत येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

हें रूपक आम्हांला इतकें आवडलें, कीं आमच्या थोरल्या व धाकट्या चिरंजीवांना एकत्र बसवून तें ऐकवावें असें मनांत आलें. घराचें उत्पन्न वरून किती खावें व बुडाचा घेर किती राखावा, याचें याहून चांगलें उदाहरण कोठें मिळणार? परंतु एकदां हात पोळल्यामुळें बंडूनें येथेंही बजावलें, "आजोबा, हत्तीचें पुढचेंही वाचा." पुढें वाचलें तों असें निघालें, कीं कुंपणांत हत्ती फार झाले तेव्हां त्यांनींही जाळीची नासधूस केली व तिच्यांतील कित्येक लहान वनस्पती त्यांच्या चरण्यामुळें दुर्मीळ झाल्या. तेव्हां हत्ती तेवढा पुण्यवान व शेळी तेवढी पापी असें नाहीं. खाण्याची रीत चांगली असली तरी खाणारीं तोंडें किती हाही हिशेब आहेच. हें दुसरें वाक्यही आम्हीं चिरंजीवांना ऐकविलें. तें त्यांना पहिल्याइतकें रुचलें नाहीं.

आतां त्या दसपटीकडे येऊं. तिचें मूळ अगदींच हवेंत नाहीं. इतक्या रुक्ष मुलखाच्या मानानें या जाळींत व तिच्या मातींत कर्बाचा सांठा खरोखरच आश्चर्य वाटण्याजोगा मोठा असतो. उजाड जमिनीवर हें झाड पुन्हा लावल्यानें तो परत येतो काय, हेंही तपासलें गेलें. एका शेतकऱ्यानें लावलेल्या झाडांचें सत्तावीस वर्षांनंतर मोजमाप करून मिल्स व काउलिंग या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें, कीं तेथें दर हेक्टरीं दरसाल सरासरी सुमारें ४ टन कर्ब मातीसह सांठला. कोरड्या प्रदेशाला ही मोठी गोष्ट आहे. पण यांत आमेझॉन कोठें आलें आणि दसपट कोठून आली? ती निरोप धाडणाऱ्यांनीं घातली. दक्षिण आफ्रिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञांनींच पुढें तिचें जाहीर खंडन केलें. आम्हीं तें खंडन शोधलें नाहीं, कारण आम्हांस दसपटीचें वाक्य आवडलें होतें.

बंडूनें पाटीवर त्रैराशिक मांडलें, तें येथें देतों. दोन-दोन मीटरांवर एक झाड धरलें तर हेक्टरांत अडीच हजार झाडें बसतात. चार टन म्हणजे चार हजार किलो. भागाकार केला, झाडामागें वर्षाला १.६ किलो कर्ब. कर्बाचा कर्बवायु करतांना ४४ नें गुणून १२ नें भागावें. उत्तर सुमारें ५.९ किलो. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कर्बवायु होतो. म्हणजे स्वतःच्या मायभूमींत, उत्तम जागीं वाढलेलें एक झाड वर्षभर राबून अडीच लिटर पेट्रोलाचा धूर फेडतें. आमच्या धाकट्या चिरंजीवांची दुचाकी तेवढें पेट्रोल तीन-चार दिवसांत पिते. आणि हा हिशेब जमिनींतील मोठ्या झाडाचा. वीतभर कुंडींतील रोपाला यांतला अल्पसा अंशही लागू पडत नाहीं. त्रैराशिक आम्हींच शिकविलें होतें; तें लेख लिहितांना आमच्या उपयोगीं पडलें नाहीं.

लागवडीची कथाही बोधप्रद आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें २००४ च्या सुमारास ही जाळी परत आणण्याचें काम हातीं घेतलें. गांवोगांवच्या गरजूंना त्यांत मजुरी मिळाली. २००८-०९ च्या सुमारास प्रांतभर सुमारें ३०० लहान तुकडे पाडून त्यांत फांद्यांचे खुंट लावले. लावणें सोपें: फांदी तोडावी व जमिनींत खोंचावी. तरीही पुष्कळ तुकड्यांतील बहुतेक खुंट मेले. कारणें शोधलीं तेव्हां दिसलें, कीं कांहीं ठिकाणीं खोलगट भागांत हिंवाचा कडाका होता व तो या झाडाला सोसत नाहीं. कांहीं ठिकाणीं रानटी व पाळीव जनावरांनीं कोंवळे खुंट खाल्ले. आणि कांहीं जागा अशा होत्या, कीं जेथें हें झाड पूर्वीं कधीं नव्हतेंच. जेथें जागा नीट पाहून लावलें व राखलें, तेथें तें जगलें. झाड चांगलें म्हणून कोठेंही चांगलें, असें नाहीं. आपल्याकडे गवताळ टेकड्या 'ओसाड' समजून त्यांवर परदेशी गिरिपुष्प लावलें गेलें, तेंही याच समजुतीचें फळ.

आम्हीं आमच्या विद्यार्थ्याला उत्तर लिहिलें. तें लिहिण्यास आठ दिवस लागले. 'तुमचा दोष नाहीं. तुम्हीं शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवला, तो शब्द तपासलेला नव्हता,' असें प्रथम लिहिलें. मग त्रैराशिक उतरून दिलें. कुंड्या शोभेला ठेवाव्यात, त्यांत वाईट कांहीं नाहीं. पण ज्या खड्ड्यांत निंब होते तेथें निंबच लावावेत, आणि मुळांना वाव राहील इतकी फरशी मागें घ्यावी, अशी विनंती केली. रोपांचा खर्च आम्ही पाठवितों, असेंही लिहिलें. पत्र पाकिटांत घालण्यापूर्वीं सौभाग्यवतींना वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "आतां हें छापा." म्हणून हा लेख.

या झाडाची निगा विचारणाऱ्या भगिनींसाठीं दोन ओळी. आमचें पहिलें रोप मायेनें मेलें: घरांतील तिघीजणी तुळशीला पाणी घालतांना त्यालाही एकेक पंचपात्र घालीत, आणि कोणीच दुसरीला विचारीत नसे. मुळें कुजलीं. एक फांदी वांचली होती ती तोडून, जखम सुकेपर्यंत आठवडाभर सावलींत ठेवून, वाळूमिश्रित मातींत लावली. आजचें झाड तेंच. माती पुरती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावें, पावसाळ्यांत वळचणीखालीं ठेवावें, ऊन भरपूर असावें. छाटणी वरून करावी. बुडाचा घेर राखावा.

विद्यार्थ्याचें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. एका खड्ड्यांत निंबाचें रोप लागलें आहे; त्याला संस्थेंतील मुलें पाणी घालतात. दुसऱ्या खड्ड्यावर आमचें पत्र पोंचण्यापूर्वींच फरशी बसली होती.